कासवाच्या पिल्लाचे घर : अंथरूण, ऊब आणि कायदा

कासव मराठी माणसाला परके नाही. देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्याच्या समोर फरशीत बसवलेले दगडी कासव आणि दशावतारातील कूर्म लहानपणापासून ओळखीचे असतात. या श्रद्धेला अलीकडे वास्तुशास्त्र आणि फेंगशुईच्या समजुतींची जोड मिळाली. त्यातच कासव आवाज करीत नाही, त्याचे केस गळत नाहीत, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही आणि त्याला जागाही फारशी लागत नाही, असा हिशेब मांडला जातो. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत आणि दादरच्या सदनिकांत कासवाचे पिल्लू येते ते बहुधा याच हिशेबाने. त्यातले शेवटचे कलम मात्र साफ चुकीचे आहे.

कासवाचे पिल्लू उपासमारीने क्वचितच मरते. त्याचा घात करते ते त्याचे घर. पायाखालची कोरडी वा घसरडी जमीन, काचेतून आलेले निरुपयोगी ऊन, रात्रीचा गारठा आणि पोटात गेलेले खडे हे त्याचे खरे शत्रू आहेत. शिवाय हा प्राणी आजार लवकर दाखवीत नाही. डोळे मिटलेले किंवा कवच मऊ पडलेले लक्षात येते, तेव्हा बिघाड सुरू होऊन कित्येक आठवडे लोटलेले असतात. म्हणून कासवाच्या घराचा विचार कासव आणण्यापूर्वीच झाला पाहिजे. आणि त्या विचारातील पहिला प्रश्न अंथरुणाचा नाही, तर कोणत्या कासवाचा, हा आहे.

कोणते कासव?

मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या अशा दोन्ही प्राण्यांना ‘कासव’ हा एकच शब्द आहे. विक्रेत्यांच्या तो सोयीचा असला, तरी पाळणाऱ्याचा त्यामुळे घोटाळा होतो. जमिनीवरच्या कासवाची पाठ घुमटासारखी उंच आणि पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा असतात. पाण्यातल्या कासवाचे कवच चपटे असते आणि बोटांमध्ये पडदा असतो. पहिले खोल पाण्यात बुडून मरते. दुसऱ्याला कोरड्या पेटीत ठेवले तर ते सुकत जाते.

बाजारात जमिनीवरचे कासव म्हणून छुप्या रीतीने सर्वाधिक विकले जाते ते भारतीय स्टार कासव. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, हे त्याचे रूपच त्याला भोवले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हे कासव पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी बाळगणे हा गुन्हा आहे. या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि स्टार कासवाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च संरक्षण मिळाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ करारातही २०१९ साली जिनिव्हा येथील परिषदेत हे कासव पहिल्या परिशिष्टात गेले.

ही कठोरता अनाठायी नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतातील केवळ एका व्यापारकेंद्रातून वर्षभरात किमान ५५ हजार स्टार कासवे बेकायदा गोळा केली जात होती. मुंबईच्या एखाद्या खोलीत खोक्यात बसलेले स्टार कासव कोणत्या तरी माळरानावरून उचललेले असते. दुकानदार ‘शेतीवरचे’ किंवा ‘पैदाशीचे’ म्हणून सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतो. कारण देशात या कासवाची पैदास करून विकण्याचा परवाना नाही. ‘वीस नखी’ कासव पैशाचा पाऊस पाडते, या भूलथापेसाठी होणारी खरेदी-विक्रीही याच गुन्ह्यात मोडते. बहुतेक भूचर कासवांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. वीस नखांची दुर्मीळता एवढ्या साध्या शरीररचनेतून आलेली आहे.

परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत. आफ्रिकेतील सल्काटा आणि दक्षिण अमेरिकेतील लाल ठिपक्यांच्या पायांचे रेड-फूट ही कासवे पाळीव म्हणून भारतात येतात. दोन्ही ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात आणि त्यामुळे भारतीय कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणी केली पाहिजे. जुन्या धारकांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. नव्याने प्राणी घेणाऱ्याला तीस दिवसांची आहे. प्राण्याचे हस्तांतर, पिल्ले होणे वा मृत्यू यांचीही माहिती कळवावी लागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. जो विक्रेता पावती, मूळ कागद आणि नोंदणी क्रमांक देत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. पुढील विवेचन अशा रीतसर नोंदलेल्या परदेशी भूचर कासवांच्या पिल्लांबाबत आहे.

वाढीचे गणित

अंड्यातून बाहेर पडलेले सल्काटाचे पिल्लू जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचे, तळहातात मावणारे असते. तेच पुढे जगातील सर्वांत मोठ्या भूचर कासवांपैकी एक होते. पूर्ण वाढीचा नर ४५ किलोंच्या पुढे जातो आणि कवच दोन फुटांहून लांब होते. हे कासव मातीत कित्येक फूट खोल बीळ खणते. परळच्या ना. म. जोशी मार्गावरील किंवा नायगावच्या बी.डी.डी. चाळीतील मूळ खोली १६० चौरस फुटांची. तिथे हे कासव दहा वर्षांनी कुठे फिरणार, याचे उत्तर पिल्लू आणतानाच हवे. रेड-फूट त्या मानाने लहान, साधारण एक फुटाचे होते. तरी त्यालाही मोठेपणी काही चौरस मीटर मोकळी जागा लागतेच.

वयाचे गणितही लक्षात घ्यावे. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे अल्डाब्रा जातीचे कासव २००६ मध्ये मेले, तेव्हा त्याचे वय अडीचशेच्या आसपास असल्याचे सांगितले जात होते. तो आकडा वादाचा असला, तरी सुस्थितीतील भूचर कासव पन्नास वर्षे सहज जगते. म्हणजे चाळिशीतल्या गृहस्थाने आणलेले पिल्लू त्याच्या मुलांच्या वाटणीला येणार. ज्या घरात जागा वाढण्याची शक्यता नाही आणि गावाकडे अंगण नाही, त्या घराने सल्काटा न आणणे हाच त्या प्राण्याच्या हिताचा निर्णय ठरतो.

अंथरूण कशासाठी?

पेटीच्या तळाशी पसरलेला थर शोभेचा किंवा निव्वळ घाण टिपून घेणारा नसतो. पिल्लू त्यावर चालते, त्यात स्वतःला पुरून घेते, त्याच्या ओलाव्यात श्वास घेते आणि खाताना त्यातले थोडे गिळतेही. तेव्हा अंथरुणाची परीक्षा चार प्रश्नांनी करावी. पाय रोवता येतात का? अंग पुरता येते का? ओलावा धरून ठेवूनही बुरशी येत नाही ना? आणि चुकून पोटात गेले तर बाहेर पडेल का? चारांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर ते अंथरूण पिल्लासाठी योग्य नाही.

या चारही कसोट्यांना उतरणारी वस्तू मुंबईकराच्या हाताशी आहे, ती म्हणजे नारळाचा काथ्या. रोपवाटिकांत मिळणाऱ्या कोकोपीटच्या विटा पाण्यात भिजवल्या की भुसभुशीत, मातीसारखा थर तयार होतो. बागकामासाठीच्या कोकोपीटमध्ये बऱ्याचदा क्षार असतात. म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्यावा. खत मिसळलेला कोकोपीट मुळीच वापरू नये. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग खत-कीटकनाशक न लागलेली, चाळलेली तांबडी माती हे मिश्रण पिल्लांना चांगले मानवते. मातीमुळे थराला वजन येते आणि नखांना पकड मिळते. रेड-फूट हे दमट रानातले कासव असल्याने त्याच्या पेटीत नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे आणि शेवाळही चालते. वरून देशी बदामाची किंवा आंब्याची स्वच्छ धुऊन वाळवलेली पाने पसरली, तर पिल्लाला लपायला जागा मिळते आणि खाणे थेट कोकोपीटवर पडत नाही.

थर किमान तीन इंचांचा हवा. पिल्लू त्यात कवचापर्यंत पुरले गेले पाहिजे, कारण निसर्गात ते दिवसाचा बराच काळ असेच काढते. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण दाबले असता गोळा व्हावा, परंतु बोटांतून पाणी गळू नये. पाणी वरून शिंपडण्याऐवजी पेटीच्या कोपऱ्यातून तळाशी ओतावे. त्यामुळे खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा कोरडासा. सतत ओल्या पृष्ठभागावर बसलेल्या पिल्लाच्या पोटाकडील कवचाला कुजीचा विकार होतो.

काय वापरू नये?

घरोघरी सर्वाधिक वापरले जाते ते वर्तमानपत्र. ते स्वस्त आणि बदलायला सोपे असते हे खरे. आजारी कासवाची विष्ठा तपासायची असेल, तेव्हा काही दिवस ते चालते. कायमचे मात्र नको. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात, अंग पुरता येत नाही आणि हवा कोरडी पडते. फरशी, प्लॅस्टिकची चटई यांनाही हेच लागू. टॉवेल किंवा गोणपाटाचे सुटे धागे पायाला आवळले गेल्यास रक्तपुरवठा बंद पडून पाय गमवावा लागतो.

बांधकामाची रेती आणि मत्स्यालयातील रंगीत खडे हे त्याहून घातक. पिल्लू अन्नासोबत ते गिळते आणि आतडे तुंबते. कॅल्शियमची गरज असलेले पिल्लू तर पांढरे खडे शोधून खाते. शोभेची ‘कॅल्शियम रेती’ही त्याच कारणासाठी टाळावी. मांजरांसाठीची दाणेदार माती ओलावा शोषून फुगते, ती पोटात गेली तर जीवघेणी ठरते.

सुताराच्या दुकानातला भुस्सा फुकट मिळतो म्हणून आणला जातो. आज त्यात प्लायवूडचा डिंक, पॉलिशचे अवशेष आणि निरनिराळ्या लाकडांची धूळ असते. देवदार, पाइन यांसारख्या सुवासिक लाकडांतील तेले सरपटणाऱ्या प्राण्यांच्या फुफ्फुसांना बाधतात. तबेल्यातील पेंढा व गवत मोठ्या कोरड्या प्रदेशातील कासवांना कोरड्या हवेत ठीक. मुंबईच्या दमट हवेत त्यावर आठवड्याभरात बुरशी धरते. कुंडीतील तयार मातीत पर्लाइटचे पांढरे मणी, रासायनिक खत आणि कीटकनाशके असतात, त्यामुळे तीही नको. गणपतीच्या कार्यशाळांतील प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तुकडे ‘चुना’ म्हणून पेटीत ठेवणे हाही धोक्याचाच प्रकार. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात किंवा पक्ष्यांच्या खाद्यासोबत मिळणारा समुद्रफेन, म्हणजे माकुळ मासळीच्या पाठीचा पांढरा फळीवजा भाग, पेटीत ठेवावा. पिल्लू तो गरजेप्रमाणे कुरतडते.

ओलावा आणि कवच

अनेक पाळीव कासवांच्या पाठीवरील प्रत्येक खवला वेगळ्या टेकडीसारखा उंचावलेला दिसतो. हे सौंदर्याचे लक्षण नव्हे, तर वाढीतील विकृती आहे. पूर्वी तिचे खापर जास्त प्रथिनांवर फोडले जाई. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००३ मध्ये सल्काटाच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात मात्र निराळे चित्र दिसले. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठी अधिक उंचसखल झाल्या, दमट हवेतील पिल्लांच्या पाठी गुळगुळीत राहिल्या आणि प्रथिनांचा परिणाम त्या तुलनेत किरकोळ निघाला. वाळवंटी मुलखातील कासवाची पिल्लेही बिळाच्या ओलसर हवेत वाढतात, हे त्यामागचे कारण. म्हणून पिल्लांच्या पेटीत आर्द्रता ७० ते ८० टक्के असावी. ती मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते. केवळ अंदाजावर विसंबू नये. ही आर्द्रता उबेसोबतच असली पाहिजे. ओलावा अधिक गारठा म्हणजे फुफ्फुसाचा दाह.

मुंबईत ओलाव्याची काय वाण, असे कुणाला वाटेल. परंतु वातानुकूलन यंत्र चालू असलेल्या खोलीत, अखंड फिरणाऱ्या पंख्याखाली आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात पेटीतील हवा झपाट्याने सुकते. उलट पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा बुरशीची भीती असते. त्या महिन्यांत पाणी कमी घालावे, थर रोज हलवावा आणि पेटीला वरून हवा मिळेल अशी जाळी ठेवावी.

पेटी कशी असावी?

काचेची मत्स्यपेटी दिसायला देखणी असली, तरी पिल्लाला ती सोसत नाही. पारदर्शक भिंत हा अडथळा आहे हे कासवाला उमगत नाही. ते दिवसभर काचेवर ढुशा देत राहते. त्यातच पेटीवर ऊन आले, तर काही मिनिटांत आतले तापमान प्राणघातक होते. लाकडाची किंवा अपारदर्शक जाड प्लॅस्टिकची, तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि फूटभर उंच भिंतींची पेटी एका पिल्लासाठी पहिले वर्षभर पुरते. लाकूड असेल तर आतून पाणी न शोषणारा, वास नसलेला लेप द्यावा आणि तो पुरता वाळल्यावरच पिल्लू सोडावे.

पेटीचे दोन भाग कल्पावेत. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला सावली. कासव स्वतः उष्णता निर्माण करू शकत नाही. ते जागा बदलून तापमान सांभाळते. दोन्ही टोकांना लपण्याची जागा हवी. त्यासाठी फुटलेली मातीची कुंडी आडवी ठेवली तरी पुरते. तिच्या कडा मात्र घासून घ्याव्यात. पिल्लू उलटे पडले तर सरळ होता येईल इतपत जमीन सपाट असावी. दिव्याखाली उलटे पडलेले पिल्लू तासाभरात दगावू शकते.

एका पेटीत शक्यतो एकच पिल्लू ठेवावे. कासवाला ‘सोबत’ लागत नाही. दोघांपैकी एक नेहमी वरचढ होते. ते उबेची जागा आणि खाणे अडवते आणि दुसरे भांडण दिसून न येताही खुरटत जाते.

पेटीची जागाही विचारपूर्वक निवडावी. हिंदमाता, परळ, लालबागच्या सखल भागात तळमजल्यावर पावसाचे पाणी शिरते. तिथे पेटी जमिनीवर न ठेवता भक्कम टेबलावर ठेवावी. स्वयंपाकघरातील फोडणीचा धूर, देवघरातील धूप, डासांची उदबत्ती, कपाटातील डांबरगोळ्या आणि झुरळांवरची फवारणी हे सारे कासवाच्या फुफ्फुसांना त्रासदायक आहे. इमारतीत धूरफवारणी होणार असेल, त्या वेळी खिडकी बंद करून पेटी आतल्या खोलीत न्यावी. गणेशोत्सवात गिरगाव-लालबागला ध्वनिवर्धकांच्या दणक्याने भिंती थरथरतात. कासवाला ती कंपने जमिनीतून जाणवतात. त्या दिवसांत पेटी रस्त्याकडील भिंतीपासून दूर असावी आणि तिच्याखाली जाड रबराचा तुकडा घालावा.

ऊब आणि ऊन

उबेच्या टोकाला दिवसा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २५ ते २७ आणि रात्री २४ च्या खाली न उतरणारे तापमान पिल्लांना मानवते. मुंबईत वर्षातील बहुतेक महिने रात्री वेगळी ऊब द्यावी लागत नाही. जानेवारीत मात्र किमान तापमान २० अंशांच्या खाली जाते. तेव्हा प्रकाश न देणारा चिनी मातीचा तापक तापनियंत्रकासह वापरावा. तळाखालून तापणारे गरम दगड किंवा चटया टाळाव्यात. कासवाला पोटाकडून बसणारा चटका वेळेवर जाणवत नाही आणि ते भाजते. थंडीत कासव झोपी जाते, ही समजूत सल्काटा आणि रेड-फूट यांना लागू नाही. हिवाळ्यात ही कासवे मलूल होतात, ती गारठ्याने.

ऊब आणि ऊन या दोन निरनिराळ्या गरजा आहेत. कवच आणि हाडे घट्ट होण्यास सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण लागतात. खिडकीची काच ते जवळजवळ पूर्ण अडवते. त्यामुळे बंद खिडकीतून येणारे सकाळचे ऊन पाळणाऱ्याला समाधान देते, कासवाला जीवनसत्त्व ‘ड’ देत नाही. चाळीच्या गॅलरीत किंवा गच्चीवर सकाळच्या कोवळ्या उन्हात रोज वीस-तीस मिनिटे पिल्लू ठेवता आले, तर उत्तमच. मात्र त्या वेळी अर्धी जागा सावलीची असावी, वरून जाळी असावी आणि माणूस समोर असावा. कावळा आणि घार पिल्लू क्षणात उचलतात. रात्री घूस आणि मांजर यांपासूनही पेटी झाकलेली हवी. ज्या घराला ऊन मिळत नाही, तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची अतिनील-ब नळी दिवसाचे दहा-बारा तास लागते. तिचा प्रकाश दिसत राहिला, तरी किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावी.

पाणी आणि अन्न

पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवावे. पाणी हनुवटीपर्यंतच असावे. या स्नानात ते पाणी पिते आणि विष्ठाही बहुधा तिथेच करते, त्यामुळे अंथरूण स्वच्छ राहते. लघवीसोबत पडणारा पांढरा पदार्थ मऊ असेल तर पाणी पुरेसे आहे. तो खरखरीत झाला, तर पाणी कमी पडते आहे.

सल्काटाचे मुख्य अन्न गवत. हराळी, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने आणि काटे काढलेल्या निवडुंगाच्या फडी ही पिल्लांना उत्तम. दादरच्या फुलबाजारात दूर्वा आणि जास्वंद विपुल मिळते, पण ती देवासाठी विकलेली असते, खाण्यासाठी नाही. फवारणीचा अंश राहिलेला असू शकतो. म्हणून घरच्या कुंडीत हराळी लावणे अधिक सुरक्षित. अळूची पाने घशाला आणि तोंडाला इजा करतात. कण्हेर विषारी आहे. पालक रोज देऊ नये. पोळी, भात, डाळ, पाव आणि दूध यांतले काहीही कासवाचे अन्न नाही. रेड-फूटला थोडी फळे चालतात, सल्काटाला ती मानवत नाहीत. अन्न सपाट स्लेटच्या किंवा कडप्प्याच्या तुकड्यावर ठेवावे. अंथरूण पोटात जाण्याचे प्रमाण त्याने पुष्कळ घटते आणि चोचही घासली जाते.

स्वच्छता आणि माणसांचे आरोग्य

विष्ठा आणि उरलेले अन्न रोज काढावे. थराचा वरचा भाग दर पंधरवड्याला आणि संपूर्ण थर दोन-तीन महिन्यांनी बदलावा. आंबूस वास, पांढरी बुरशी किंवा चिलटे दिसल्यास वाट न पाहता सर्व थर टाकून द्यावा.

कासवाच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि निरोगी दिसणारे कासवही ते पसरवते. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद आहे. लहान मुले पिल्लू तोंडाजवळ नेतात, हे त्यामागचे मुख्य कारण. एका खोलीच्या घरात मोरी एकच असते आणि तिथेच भांडी घासली जातात. कासवाचे स्नान त्या मोरीत करू नये. त्यासाठी वेगळे घमेले ठेवावे, पाणी संडासात ओतावे आणि हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असलेल्या घरात ही काळजी दुप्पट हवी.

आजार ओळखावा कसा?

दर आठवड्याला ठरावीक दिवशी ग्रॅमच्या काट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. वाढते वजन हे प्रकृतीचे सर्वांत खरे लक्षण. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले वा मिटलेले डोळे, बोटाने दबणारे कवच, काही दिवस विष्ठा नसणे आणि मागचे पाय ओढत चालणे ही वैद्याकडे नेण्याची लक्षणे होत. पिल्लाला मानवी औषधे देऊ नयेत.

परळला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखले जाणारे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. तरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचाराचा अनुभव प्रत्येक पशुवैद्याला नसतो. असा वैद्य कोठे व कोणत्या दिवशी भेटतो, याची चौकशी पिल्लू आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

नको झालेले कासव

तळ्यात सोडणे हा नकोशा कासवाचा ‘पुण्याचा’ मार्ग मानला जातो. भूचर कासव तळ्यात बुडते. पाण्यातल्या कासवाचे प्रकरण निराळे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, प्लॅस्टिकच्या वाडग्यात विकले जाणारे रेड-इअर्ड स्लायडर मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातील. वाडग्यातले नाणेवजा पिल्लू मोठे होऊन फूटभराचे होते आणि मग घरात मावेनासे होते. जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. तळ्यात सोडलेले स्लायडर देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते. म्हणून कोणतेही पाळीव कासव तलावात, समुद्रात, देवळाच्या कुंडात किंवा जंगलात सोडू नये. परदेशी कासव रीतसर हस्तांतराने दुसऱ्या जबाबदार पालकाकडे द्यावे. घरात स्टार कासव किंवा अन्य देशी कासव असल्यास अथवा कुठे विक्री होताना दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दगडी कासवाला देवळात फरशी पुरते, जिवंत कासवाला पुरत नाही. त्याला पाय रोवायला माती, पुरून घ्यायला ओलावा, थेट ऊन आणि वाढत जाणारी जागा लागते. हे सारे पन्नास वर्षे पुरवता येईल असे ज्याला मनापासून वाटते, त्याने आधी पेटी सिद्ध करावी, पंधरा दिवस तिचे तापमान व आर्द्रता तपासावी आणि मगच कागदपत्रांसह पिल्लू आणावे. ज्याला ते शक्य नाही, त्याने कासव देवळातच पाहावे.